देणे आणि देणगी

दिवाळी जवळ आली, की शहरातल्या घरांतून बोनसचे हिशेब सुरू होतात. आमच्या गोंडपिपरीकडे याच सुमारास धान कापणीला येते आणि धानाच्या गिरण्यांचे पट्टे फिरू लागतात. गेल्या वर्षी मात्र गावाजवळच्या एका गिरणीचा पट्टा फिरलाच नाही. मालकाने यंत्रे उचलून दुसऱ्या तालुक्यात नेली आणि अकरा माणसे घरी बसली.

त्यांतले एक गृहस्थ माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. एका संध्याकाळी ते मुलीला घेऊन आले आणि ओसरीच्या कडेला अंग चोरून बसले.

"सर, तुमी मराठीचे मास्तर. मालकाले एक अर्ज लिवून द्या जी. अठरा वर्सं पोती वाहिली. दिवाळीले काही देईल तं बरं होईल."

मी कागद पुढे ओढला आणि लिहिले, 'आपण कृपावंत होऊन अल्पशी मदत करावी.' विनंती-अर्जाचा जो मासला मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो, तोच हा! पण मुलगी हळूच म्हणाली, "सर, कायद्यात काही नसते का?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून त्या आठवड्यात चंद्रपूरला एका वकील मित्राकडे गेलो. तेथे जे कळले, त्याने माझ्या त्या मासल्याची मला लाज वाटली.

या हक्काची कथा आपल्या बार्शीपर्यंत जाते. कुर्डुवाडीहून पंढरपूर, लातूर, मिरज अशी धावणारी बार्शी लाइट रेल्वेची ती अरुंद गाडी कितीतरी वारकऱ्यांनी पाहिली असेल. 1 जानेवारी 1954 पासून सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली आणि आदल्याच दिवशी कंपनीने नोकरांची सेवा संपवली. 1953 सालीच कायद्यात नवी तरतूद आली होती, की कपात झालेल्या कामगाराला दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा. कामगारांनी ती मागितली. पण 27 नोव्हेंबर 1956 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चालू धंद्यातली जादा माणसे कमी करणे म्हणजे कपात; धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. एका शब्दाचा अर्थ काय, यावर कितीएक घरांची चूल अवलंबून असते ती अशी!

पुढे 1957 साली संसदेने ही फट बुजवली. धंदा बंद झाला तरी एक महिन्याची नोटीस, किंवा तिच्याऐवजी पगार, आणि वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी, असे ठरले. धंदा दुसऱ्या मालकाकडे गेला आणि त्याने नोकरी न तोडता, पूर्वीपेक्षा वाईट अटी न लावता माणसे ठेवून घेतली, तरच भरपाईतून सुटका. ही दुरुस्ती लागू झाली ती 28 नोव्हेंबर 1956 पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून. ज्यांची नोकरी 1953 अखेर गेली होती, त्यांच्यापर्यंत ती मागे पोचत नव्हती. बार्शीकरांनी विहीर खणली, पाणी पुढच्यांना लागले. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही हा हक्क टिकून आहे. शिवाय दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाच वर्षे काम केलेल्याला ग्रॅच्युइटी वेगळी. कामगार विम्याची वर्गणी भरलेल्यांसाठी 2005 पासून बेकारी-भत्त्याचीही योजना आहे. पण आमच्या या अकराजणांची वर्गणी कोणी भरलीच नव्हती.

अठरा वर्षांचे झाले 270 दिवस. मोसमी कामात अडचण एवढीच, की बारा महिन्यांत 240 दिवस काम झाल्याचे दाखवावे लागते, आणि गिरणीच्या हजेरीपटात या गृहस्थांचे नाव अर्ध्याच महिन्यांना आढळले. मी निराश होऊन हे सांगितले, तेव्हा त्यांनी मुलीला घरी पिटाळले. ती पिशवी घेऊन आली. तिच्या जुन्या शाळेच्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर बापाने रोजची तारीख आणि किती पोती उचलली तो आकडा मांडलेला! शेवटच्या बारा महिन्यांचे दिवस आम्ही तिघांनी दिव्याखाली मोजले. भरले 251.

मग मी पहिला कागद फाडला. दुसऱ्या अर्जात 'कृपा' नव्हती, 'मदत' नव्हती. 'माझी देय भरपाई' एवढेच होते. तो चंद्रपूरच्या सहायक कामगार आयुक्तांकडे गेला. असा दावा एका वर्षाच्या आत करायचा असतो, तो आम्ही वेळेत केला. निकाल अजून लागलेला नाही. मालक वह्या मानायला तयार नाही, तारखा पडताहेत. परवा ते गृहस्थ रस्त्यात भेटले. मी विचारले, "काय म्हणतो मालक?"

"थो म्हणते, मिटवून टाक, दिवाळीले पाच हजार देतो. म्या म्हटलं, दिवाळीचं राहू द्या जी. माझं घेणं हाय, थे द्या."

वाचकहो, आपल्या घरात पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत जातात. यंदाच्या साफसफाईत त्या बाहेर काढा आणि रेशनकार्डाशेजारी ठेवा. आणि आपल्या दुकानात, कारखान्यात चार माणसे राबत असतील, तर त्यांची नावे हजेरीपटावर बारा महिने घाला. मी माझ्यापुरते एक केले आहे. विनंती-अर्जाबरोबर मागणी-अर्जही आता मी वर्गात शिकवतो.