मेघवनातील द्विपंखी कीटकांचे सर्वेक्षण

उष्ण कटिबंधातील पर्वतांच्या उतारांवर ढगांच्या नित्य स्पर्शाने ओलसर राहणाऱ्या अरण्यांना मेघवने म्हणतात. तेथील झाडांच्या खोडांवर शेवाळी, नेचे व आमरे दाटीने वाढतात. कुजणारा पाला, कवके व पाण्याचे लहान लहान साठे यांमुळे माश्या, डास, चिलटे इ. कीटकांच्या अळ्यांना विपुल अन्न मिळते. हे कीटक डिप्टेरा या गणात मोडतात. पंखांची एकच जोडी आणि मागील पंखांच्या जागी तोल सांभाळणारे गदाकृती अवयव, हे या गणाचे मुख्य लक्षण होय. जगातील त्याच्या सुमारे १,६०,००० जातींना शास्त्रीय नावे मिळालेली आहेत.

एखाद्या लहान क्षेत्रातील या गणाच्या सर्व जाती मोजण्याचा मोठा प्रयत्न कोस्टा रीका या देशात झाला. सान होसे प्रांतात सुर्की दे मोराव्हिया येथे, समुद्रसपाटीपासून १,६०० मी. उंचीवरील मेघवनाचा १५० × २६६ मी., म्हणजे सुमारे ४ हेक्टरांचा तुकडा त्यासाठी निवडण्यात आला. २०१२-१३ मध्ये तेथे वर्षभर कीटक गोळा करण्यात आले.

दोन मलेझ सापळे अखंड चालू होते. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रने मलेझ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा सापळा जाळीच्या तंबूसारखा असतो. उभ्या जाळीवर आदळलेले कीटक प्रकाशाच्या दिशेने वर चढतात व टोकाशी लावलेल्या बाटलीत पडतात. याखेरीज दर महिन्यास तीन दिवस प्रकाश-सापळे, अळ्यांच्या जागेतून बाहेर पडणारे प्रौढ पकडणारे सापळे आणि हातजाळी यांचा उपयोग करण्यात आला. ५९ तज्ञांनी नमुन्यांची ओळख पटविली.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे ७३ कुलांतील ४,३३२ जाती आढळल्या. त्यांतील बहुसंख्य जातींना अद्याप नाव नाही. मध्य अमेरिकेतून नाव मिळालेल्या सर्व द्विपंखी जातींच्या संख्येशी तुलना करता ही संख्या ५१ टक्के भरते. वनाच्या कडेवरील एका सापळ्यात १,९८८, तर वनाच्या आतील सापळ्यात ९०६ जाती मिळाल्या. यावरून सापळ्याची जागा व पद्धतींची विविधता यांचे महत्त्व स्पष्ट होते. ४० किमी. व १८० किमी. अंतरावरील तापांती आणि लास आल्तुरास येथील जाती पुष्कळ प्रमाणात वेगळ्या निघाल्या.

केवळ डीएनए-खंडांवरून जातींच्या संख्येचा अंदाज करता येतो. परंतु त्या जातीची शरीररचना, आप्तसंबंध व जीवनक्रम त्यातून कळत नाहीत. त्यासाठी वर्गीकरणतज्ञांची आवश्यकता राहतेच. द्विपंखी कीटक परागण करतात, कुजणाऱ्या पदार्थांचे विघटन करतात व इतर कीटकांवर परजीवी म्हणून राहून त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. वृक्षतोडीने वा तापमानवाढीमुळे ढगांची पातळी वर सरकल्याने एक मेघवन नष्ट झाले, तर त्याची उणीव दुसरे वन भरून काढीलच असे नाही. अनेक जाती तर नाव मिळण्यापूर्वीच नाहीशा होण्याचा संभव असतो. म्हणून अशी सर्वेक्षणे संरक्षणकार्याचा पाया ठरतात.