तलाव ओळखावा काठावरून

हिवाळ्यात चिखलदऱ्याला जाणारी मंडळी देवी पॉइंट, भीमकुंड पाहतात, वऱ्हाडात कॉफी पिकते याचे नवल करतात आणि परततात. भीमाने कीचकाला इथल्या दरीत लोटले, म्हणून हा कीचकदरा, ही कथाही ऐकतात. आम्हा उभयतांची वाट मात्र गेली काही वर्षे इथून पुढे, वऱ्हाडातल्या तलावांकडे जाते. सोबत एक दुर्बीण, सौ.ची वही आणि भाकरी-ठेच्याचा डबा.

श्रीगणेशा चिखलदऱ्यातच होतो. शक्कर तलावावरचे धुके विरळ झाले की टिबुकली बुड्या मारताना दिसते. काठाच्या दगडांवर करडा धोबी शेपटी हलवीत फिरतो. हा हिमालयाकडून आलेला पाहुणा. बदकांचे मोठे थवे पाहायचे तर घाट उतरून, परतवाड्यामार्गे अमरावती गाठावी.

गंमत अशी, की यातला एकही तलाव पक्ष्यांसाठी बांधलेला नाही. वडाळी आणि छत्री तलाव ब्रिटिश काळात अमरावतीच्या पिण्याच्या पाण्यासाठी झाले. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदी अडवून ऊर्ध्व वर्धा धरण उभे राहिले. अकोलेकरांची तहान भागविणाऱ्या काटेपूर्णा जलाशयाच्या परिसराला १९८८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाणी आपण साठविले, पाहुणे आपणहून आले!

पट्टकादंब हा त्यातला मानाचा पाहुणा. डोक्यामागे दोन काळे पट्टे. लडाख, तिबेट, मंगोलियात त्याची वीण होते आणि हिमालय ओलांडून तो इकडे येतो. चक्रवाकही तिकडचाच. संस्कृत काव्यात ही जोडी रात्री विरहात असते. सौ.ला हे सांगितले, तर ती दुर्बीण न काढता म्हणाली, "अहो, दिवसा तरी एकमेकांशी बोलतात ना?" मी गप्प बसलो.

एका तलावावर गुराख्याने तिला सांगितले, "माय, हे पाखरं दिवाईले येतेत अन् होयीले जातेत." पंचांग इतके सोपे असते!

पण हे पाहुणे पाण्यावर जगत नाहीत, काठावर जगतात. पावसाळ्यात तलाव भरतो. दिवाळीनंतर रब्बीसाठी पाणी सुटते, पातळी उतरते आणि ओला गाळ उघडा पडतो. त्यात किडे, गोगलगायी, कोवळे गवत. तुतवार, शेकाट्या, कंठेरी चिखल्या यांचे ताट हेच. तलवार बदक पाण्यात डोके खुपसून, शेपटी वर करून चरते. थापट्या चपट्या चोचीने पाणी गाळून खातो. दोघांनाही उथळ पाणीच हवे. याच गाळावर माणसांची गाळपेर होते, डांगरवाड्या लागतात. म्हणजे एकाच काठावर दोघांची पोटे.

आता मात्र काठच आक्रसतो आहे. आमच्या घराजवळच्या एका तलावाचा उतार खणून सरळ केला, भोवती दगडी भिंत आणि फरसबंद वाट झाली. संध्याकाळी गर्दी होते, दिवे लागतात. पाणी पूर्वीइतकेच आहे. पण सौ.च्या वहीत त्या तलावाच्या पानावर पूर्वी तुतवारांच्या दोन-तीन जाती असत, गेल्या हिवाळ्यात एकही नाही. गाळ काढू नये असे कोण म्हणेल? उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की काय होते, हे वऱ्हाडाला सांगायला नको. फक्त खोली मध्यभागी वाढवावी आणि निदान एका बाजूचा उतार मातीचा, उथळ ठेवावा. एवढ्याने पाणीही राहील आणि पाहुणेही.

मेळघाटात वनाधिकारी राहिलेले मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. त्यांच्या 'पक्षिकोशा'ने पाखरांची मराठी नावे घरोघरी पोहोचवली. येत्या रविवारी मुलांना जवळच्या तलावावर न्या. सकाळी सात ते नऊ, सूर्य पाठीशी ठेवून, भडक कपडे टाळून. पक्ष्यांची नावे नंतर शिकता येतील. आधी काठ मातीचा आहे की दगडाचा, ते पाहून या.