विकणे आहे: विमान, कमी उडालेले

जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती वाचायची सवय असलेल्यांना एक वाक्य पाठ असते: 'डॉक्टरची गाडी, एकहाती वापर, रनिंग कमी.' अशी गाडी दिसली की माणूस लगेच फोन लावतो. अमेरिकेत याच चालीवर विमानांच्याही जाहिराती निघतात. टेनेसी राज्यातल्या क्रॉसव्हिल गावातून १९३७ साली सुरू झालेल्या 'ट्रेड-अ-प्लेन'ची पिवळ्या कागदावरची पाने तिथल्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांनी चाळली आहेत. सत्तरच्या दशकातले सेस्ना, इंजिनाचे तास अवघे सातशे, कायम हँगरमध्ये ठेवलेले. पहिल्यांदाच विमान घेणारा अशा मजकुराने हुरळतो. मुरलेला मेकॅनिक मात्र एकच विचारतो, "सातशे तास, ठीक आहे. पण किती वर्षांत?"

विमानाच्या बाजारात 'रनिंग कमी' हा गुण नव्हे, हे नवख्या मालकाला सगळ्यात उशिरा पटते.

आधी हे विमान कोणते ते सांगायला हवे. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान. १९५६च्या मॉडेलपासून आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. चार आसने, एक इंजिन, पंख डोक्यावर. आपल्याकडे बारामतीला शिकाऊ वैमानिक उडवतात त्यांतही हे असतेच. कॅन्ससमधल्या विचिटाच्या या कंपनीने १९८६ मध्ये १७२ बनवणे थांबवले. मागणी आटली होती, आणि पंचवीस-तीस वर्षांचे जुने विमान पडले तरी निर्मात्यावर दावे गुदरले जात होते. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने या दाव्यांना सर्वसाधारणपणे १८ वर्षांची मर्यादा घातली आणि १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. पण नव्या विमानाची किंमत ऐकून मध्यमवर्गीय हौशी माणूस मागे फिरतो. आलिशान मोटारीच्या पैशांत जे मिळते ते साठ-सत्तरच्या दशकातले असते. म्हणजे पुष्कळदा विमान मालकापेक्षा वयाने मोठे.

आता त्या मेकॅनिकच्या प्रश्नाकडे वळू. १९६८ पासूनच्या बहुतेक १७२ विमानांत लायकमिंग कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्यातला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर, इंजिनाच्या माथ्याशी बसवलेला असतो. विमान उभे राहिले की त्याच्यावरचे तेल हळूहळू खाली निथळते. मग उघड्या पोलादावर ओल धरते आणि गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतात. पुढे कधीतरी इंजिन सुरू होते तेव्हा ते खरवडलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासू लागतात, धातूचे कण तेलात उतरतात, आणि एक दिवस इंजिन उघडावेच लागते. संपूर्ण ओव्हरहॉलचा खर्च ३० हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. १९७७ ते १९८० च्या १७२एन मॉडेलमधले 'एच२एडी' इंजिन तर कॅमच्या याच दुखण्यासाठी बदनाम आहे.

यावर भाबडा उपाय म्हणजे दर रविवारी हँगरवर जाऊन दहा मिनिटे इंजिन फिरवून परत येणे. पावसाळ्यात स्कूटरला अधूनमधून किक मारून ठेवणाऱ्याला हे अगदी शहाणपणाचे वाटेल. विमानात ते उलटे पडते. इंधन जळताना पाणी तयार होते, त्यातले काही तेलात मिसळते, आणि तेल पुरेसे तापलेच नाही तर ते तिथेच मुरते. लायकमिंगचा सल्ला असा की विमान प्रत्यक्ष उडवावे, आणि तेलाचे तापमान सुमारे ७५ ते ९३ अंश सेल्सिअस ठेवून किमान तासभर उडवावे. या इंजिनासाठी कंपनीने ओव्हरहॉलची शिफारस २००० तासांवर केली आहे. पण महिन्याला ४० तास किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या इंजिनाला तीच कंपनी आणखी २०० तासांची सवलत देते. जास्त राबणाऱ्याला जास्त आयुष्य.

याचे टोकाचे उदाहरण लास व्हेगासच्या विमानतळावर छताला टांगलेले आहे. ४ डिसेंबर १९५८ रोजी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक एका सेस्ना १७२ मध्ये बसून उडाले आणि थेट ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटे. अंगावर 'हॅसिएंडा' या हॉटेलचे नाव रंगवलेले, कारण खर्च हॉटेलचा होता. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खालून ट्रक धावायचा, वरून विमान त्याच्या वेगाने उडायचे, आणि होज वर ओढून टाकी भरायची. इंजिन दीड हजार तासांहून अधिक काळ सलग फिरत राहिले. शेवटी त्यात काजळी साठून त्याचा जोर घटला, पण ते बंद पडले नाही. एरवी तेवढेच तास भरायला हौशी मालकाला पंधरा-वीस वर्षे सहज लागतात.

म्हणून विमान पाहायला गेल्यावर रंग आणि गाद्या नंतर. आधी लॉगबुक मागावे. ती तीन असतात: सांगाड्याचे, इंजिनाचे आणि प्रोपेलरचे. दर वार्षिक तपासणीच्या नोंदीपुढे एकूण तास लिहिलेले असतात; पेन्सिल घेऊन लागोपाठच्या दोन नोंदींतला फरक मांडत जावे. १९९१ मध्ये ८० तास, पुढच्या वर्षी ७५, मग ६, मग ४, मग तीन वर्षे नोंदच नाही. मधल्या काळात मालक आजारी पडला असेल, घटस्फोट झाला असेल, परवान्यासाठीची वैद्यकीय चाचणी हुकली असेल. कारण काही का असेना, विमान तेव्हा उभे होते. एखादे लॉगबुक 'जागा बदलताना हरवले' असे विक्रेता म्हणत असेल, तर किंमत तिथेच खाली यायला हवी.

दुसरी वही सरकारकडे असते. ओक्लाहोमा सिटीत अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे, नोंदणी कार्यालय आहे. आपल्याकडच्या आरटीओ आणि दुय्यम निबंधकाचे एकत्र रूप म्हणा. प्रत्येक विमानाची तिथे फाइल असते. मालकांची साखळी, विमानावरचे कर्ज, आणि 'फॉर्म ३३७', म्हणजे मोठी दुरुस्ती किंवा बदल केल्याची कागदपत्रे. 'विमानाला कधी काही झालेले नाही' असे सांगणाऱ्याच्या फाइलमध्ये पंख बदलल्याचा ३३७ निघाला, की बोलणी वेगळ्या सुरात सुरू होतात. सात-बारा न पाहता जमीन घेऊ नये हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. ही फाइल तशीच.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी याच कार्यालयाचा आणखी एक नियम महत्त्वाचा. विमान स्वतःच्या नावावर करायचे तर माणूस अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावा लागतो. एच-१बी व्हिसावर असलेल्या इंजिनिअरला पायलटचा परवाना मिळतो (प्रशिक्षणाआधी सुरक्षा खात्याची मंजुरी घेऊन), पण विमानाची नोंदणी त्याच्या नावावर होत नाही. त्यासाठी ट्रस्टची वाट धरावी लागते, तिचा खर्च वेगळा.

मग तपासणी. 'प्री-बाय' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असला तरी कायद्यात त्याची व्याख्या नाही. काय तपासायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे. मेकॅनिक विक्रेत्याच्या रोजच्या बैठकीतला नसावा, आणि त्याचे पैसे घेणाऱ्याने द्यावेत. सिलिंडरमधला दाब किती टिकतो ते तो पाहील, बोअरस्कोप घालून झडपांचे फोटो काढील. पण घेणाऱ्यानेही टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसावे. इंजिनाच्या मागे फायरवॉल नावाचा पत्रा असतो; नाकावर आपटत उतरलेल्या १७२ मध्ये त्याच्या खालच्या भागात सुरकुत्या पडलेल्या असतात. पत्र्यावरच्या रिव्हेटभोवती काजळाच्या रेघेसारखा काळा ओघळ दिसला तर तो रिव्हेट सैल होऊन हलतो आहे. विमान समुद्रकाठच्या गावात राहिले असेल तर पंखाच्या आतली झाकणे उघडून गंज शोधावा. कोकणातल्या घराच्या खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सविस्तर सांगायला नको.

आणि खुर्ची. हे हास्यास्पद वाटेल, पण जुन्या सेस्नात सगळ्यात काळजीने पाहायची वस्तू म्हणजे पायलटची खुर्ची. ती रुळावर पुढेमागे सरकते आणि एक पिन रुळाच्या भोकात बसून तिला अडवते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोके झिजून लांबट होतात, पिन अर्धवटच बसते. धावपट्टीवरून नाक उचलताना खुर्ची सर्रकन मागे जाते, घाबरलेला पायलट हातातल्या चाकालाच लटकतो, चाक मागे ओढले जाते, नाक आणखी वर चढते आणि विमान आकाशात टिकत नाही. असे अपघात झाल्यावर १९८७ मध्ये एफएएने रुळांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली. अशा सक्तीच्या आदेशाला 'एडी' म्हणतात. प्रत्येक विमानाला लागू असलेल्या एडींची यादी असते आणि प्रत्येकीपुढे पूर्ततेची तारीख व सही लागते. एरवीही पट्टा बांधल्यावर खुर्चीला दोन जोरदार हिसके देऊन पाहण्याची सवय जुन्या सेस्नावाल्यांना असते.

एडी केवळ सेस्नालाच असतात असे नाही. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचजवळ प्रशिक्षणातल्या एका पायपर ॲरोचा पंख हवेतच तुटला. त्यानंतर पायपरच्या या कुळातल्या अनेक विमानांच्या पंखाचा मुख्य दांडा विद्युत-चुंबकीय पद्धतीने तपासण्याचा आदेश निघाला. तेव्हा राबलेले विमान चांगले या म्हणण्यालाही मर्यादा आहे: इंजिनाला काम मानवते, पण शिकाऊ हातांचे हजारो धक्के सांगाडा लक्षात ठेवतो.

चार आसने म्हणजे चार माणसे, हाही एक गोड गैरसमज. १७२एनचे कमाल वजन २३०० पौंड, म्हणजे १०४३ किलो. रिकामे विमान आणि ४० गॅलन पेट्रोल वजा केले की माणसे आणि सामान मिळून साधारण २८५ किलो उरतात. चौघे मध्यम बांध्याचे पुरुष बसले की गणित चुकले, फराळाचे डबे तर पुढचीच गोष्ट. एक तर पेट्रोल कमी भरायचे किंवा मेहुण्याला मागे ठेवायचे.

खरेदीनंतर हात शिवशिवतात ते नव्या पडद्यांसाठी. चमकदार डिजिटल उपकरणे बसवण्यात पहिल्याच वर्षी विमानाच्या किमतीच्या पाव-अर्धा पैसा घालणारे पुष्कळ आहेत. वर्षभर थांबणे बरे, कारण पहिली 'ॲन्युअल', म्हणजे वार्षिक तपासणी, जवळजवळ नेहमीच महागात पडते. आधीच्या मालकाचा मेकॅनिक ज्या गोष्टींकडे कानाडोळा करत होता, त्या नव्या माणसाला दिसतात. तपासणीवर सही मेकॅनिकची असली तरी विमान उडण्याच्या स्थितीत ठेवण्याची मुख्य जबाबदारी कायद्याने मालकाची आहे.

मेकॅनिकला अती काम सांगण्यातही धोका आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची लिबरेटर विमाने जर्मन पाणबुड्या शोधत फिरत. त्यांच्या बिघाडांच्या नोंदी सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या गटाने मांडून पाहिल्या. देखभाल करून आलेले विमान सगळ्यात ठणठणीत असायला हवे. आकडे निराळेच बोलत होते. दर ५० तासांच्या देखभालीनंतर लगेच बिघाड वाढत आणि विमान उडत राहिले की कमी होत. चांगले चाललेले भाग उघडून पुन्हा बसवताना चुका घुसत होत्या. अमेरिकी विमानमालकांना माइक बुश हा लेखक-मेकॅनिक हीच गोष्ट वर्षानुवर्षे सांगत आला आहे. कार्यशाळेतून आलेल्या विमानाची पहिली फेरी दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत आणि एकट्याने मारावी, बायकामुलांना घेऊन नव्हे.

काही कामे मालक स्वतः करू शकतो, तो परवानाधारक पायलट असेल तर. टायर, स्पार्क प्लग, दिव्याचे बल्ब, तेल बदलणे. वसंत ऋतूत इंजिनाच्या झाकणात डोकावणे हे काम कुठल्याच नियमात लिहिलेले नाही, पण दोन दिवस विमान उभे राहिले की मैना त्यात गवताचे घरटे भरून ठेवते. वेग मोजणाऱ्या नळीवर टोपी घातली नाही तर कुंभारमाशी चिखलाने तिचे तोंड लिंपते आणि धावपट्टीवर धावताना वेगाचा काटा शून्यावरच राहतो.

तेल बदलण्याचे काम मात्र आवर्जून शिकण्यासारखे. जुना फिल्टर कचऱ्यात टाकायचा नसतो. डबे उघडायच्या कटरसारख्या साधनाने त्याचे कवच कापायचे, आतला घडीचा कागद सुरीने सोडवायचा, तेल पिळून काढायचे आणि तो लांबलचक पट्टा हँगरच्या दाराशी, उन्हात पसरायचा. काळे कण म्हणजे बहुधा कार्बन, बोटावर चुरडतात. चमकणारे कण दिसले तर त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवायचा. ते चुंबकाला चिकटले, तर ज्या तीन वर्षांची नोंद लॉगबुकात नव्हती, ती इथे सापडली.