निवडुंगालाही बहार धरावा लागतो

सोलापूर जिल्ह्यात डाळिंब लावणाऱ्याला ‘ताण’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आंबे बहार धरायचा तर पाऊस सरल्यावर बागेचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून झडू द्यायची आणि मग हलकं पाणी देऊन झाड जागं करायचं, की फुलकळी निघते. हे शहाणपण त्याच जिल्ह्यातल्या शहरी गॅलरीपर्यंत मात्र पोचत नाही. रोपवाटिकेतून आणलेला मुठीएवढा कॅक्टस तिथे तुळशीशेजारी बसतो, तिच्याबरोबर रोज पेलाभर पाणी पितो आणि वर्ष-दोन वर्षांत एक तर बुडाशी कुजतो, नाहीतर फूल न देता नुसता उंच नि बारीक होत जातो. या रोपाला फूल आणायचं तर त्याचाही बहार धरावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी लागणारा काळ सोलापूरचं हवामान आपल्याला आयताच देतं: दिवाळी ते संक्रांत.

मॅमिलेरिया हा घरात सहज टिकणारा प्रकार घ्या. मूळ बहुतांशी मेक्सिकोतला. अंगभर बारीक गाठी, प्रत्येक गाठीच्या टोकाला काट्यांचा झुबका. त्याच्या कळ्या शेंड्यावर येत नाहीत. शेंड्याच्या थोडं खाली, मागच्या हंगामात वाढलेल्या गाठींच्या बेचक्यांतून त्या कडं घातल्यासारख्या गोल निघतात. हिवाळ्यात रात्री थंड, दिवसा भरपूर ऊन आणि माती कोरडी असली की वाढ थांबते आणि कळ्यांची तयारी होते. याच दिवसांत पाणी मिळत राहिलं, त्यात कुंडी सावलीत असली, तर रोप वाढीलाच लागतं. शेंडा फिकट, निमुळता होतो आणि बेचक्या रिकाम्या राहतात. डाळिंबाशी ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तिथे पानगळ हाच ताणाचा मोठा भाग आणि कॅक्टसला तर पानंच नाहीत. पण वाढ अडवल्याशिवाय फूल नाही, हा धागा दोन्हीकडे एकच आहे. माळावरच्या फड्या निवडुंगाला कुणी खतपाणी घालत नाही, तरी उन्हाळ्याच्या तोंडी तो फुलतो, कारण मुरमातला कोरडा हिवाळा त्याला हा ताण दरवर्षी देतोच.

यावर पहिला आक्षेप असा, की वाळवंटातलं झाड सोलापूरच्या उन्हात गच्चीवर ठेवलं की झालं, एवढा विचार कशाला? एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. माळरानावर मुळं जमिनीच्या गारव्यात असतात. गच्चीवरच्या चार इंची कुंडीत ती चहूबाजूंनी भाजतात. शिवाय कॅक्टस आपली रंध्रं रात्री उघडतो आणि लागणारा वायू तेव्हाच आत घेतो. तापलेला स्लॅब रात्रभर धग सोडत राहिला, तर हे काम मंदावतं, वाढ थांबते आणि त्या अवस्थेत ओतलेलं पाणी मुळं कुजवतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळचं ऊन द्यावं, दुपारी सावली, आणि पाणी अगदी बेताचं, तेही सांजवेळी. याच कारणानं थंड डोंगरातला रेब्युशिया कितीही देखणा असला तरी सोलापुरात घेऊ नये. सप्टेंबर हा इथला जोराच्या पावसाचा महिना, तेव्हा कुंडी पत्र्याखाली घ्यावी. मातीचं म्हणाल तर काळी माती पूर्णपणे टाळावी. ती ओली झाली की फुगून चिकटते, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. त्यापेक्षा चाळून, धुऊन बारीक माती काढलेला मुरूम, थोडा विटांचा चुरा आणि मूठभर जुनं शेणखत पुरतं. पाणी घातलं की क्षणात खालून निथळलं पाहिजे.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो. दोन महिने पाणी तोडलं की रोप आक्रसतं, त्याचे काटे जवळ येतात आणि पाहवत नाही. पण ते आक्रसणं त्याच्या घडणीतच आहे. साठवलेलं पाणी खर्च होईल तसं अंग मिटतं, पाणी मिळालं की पुन्हा भरतं. भीती बाळगायची ती मऊपणाची. काडीनं दाबल्यावर अंग कडक लागलं तर ताण ठीक चाललाय. बुडाशी तपकिरी, लिबलिबीत लागलं तर ती कूज आहे आणि तिचं मूळ जवळजवळ नेहमी जास्तीच्या पाण्यात असतं. तिसरी शंका रास्त आहे: नर्सरीतलं रोप ताणाशिवाय फुललेलं कसं? ते फूल आधीच्या जोपासनेची कमाई असते. (काही रोपांवर तर वाळलेलं फूल चक्क डिंकानं चिकटवलेलं असतं, काट्यांमधून हलकेच ओढून पाहावं.)

संक्रांतीनंतर पहिलं पाणी द्यावं, कुंडी पूर्ण भिजेल इतकं, आणि माती तळापर्यंत वाळल्याशिवाय दुसरं देऊ नये. बेचक्यांत गुलाबी ठिपके दिसू लागतात ते त्यानंतर. मात्र कळी मागच्या हंगामाच्या वाढीवर येते, त्यामुळे आधीचं वर्ष सावलीत लांबोडकं वाढलेल्या रोपाला पहिल्याच ताणात फूल येईलच असं नाही. त्याला एक पावसाळाभर उजेडात नीट, गुटगुटीत वाढू द्यावं लागतं आणि येत्या दिवाळीला पुन्हा पाणी तोडावं लागतं.