पडद्यावरचे समीकरण

वर्गसमीकरणाची उकल काढण्याचे सूत्र स्लाइडवर साध्या कीबोर्डने लिहून पाहा. करणीचे चिन्ह पहिल्याच अक्षरावर थांबते, छेद अंशाच्या खाली न जाता तिरप्या रेघेपलीकडे जाऊन बसतो आणि उण्याच्या जागी जोडशब्दातली आखूड रेघ येते. गद्य एका ओळीत पुढे सरकते. गणित मात्र वर, खाली आणि आडवे असे एकाच वेळी पसरते. म्हणूनच त्याची जुळणी अवघड असते.

या जुळणीचे नियम छापखान्यांत घडले. चलाची अक्षरे तिरपी, पण साइन, लॉग यांसारखी फलांची नावे सरळ. घातांक लहान, त्याचा घातांक आणखी लहान. कंसाची उंची आतल्या मजकुराइतकी. दोन पदांमधल्या वजाबाकीच्या चिन्हाभोवती थोडी मोकळी जागा हवी. तेच चिन्ह ऋण संख्येचे असेल तर ते अंकाला चिकटून हवे. वाचणाऱ्याला हे नियम जाणवत नाहीत, पण ते मोडले की डोळा अडखळतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ १९७७ मध्ये असेच अडखळले. त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी जुळवलेली होती. नव्या आवृत्तीची प्रुफे छायाक्षरजुळणीची होती, आणि ती त्यांना पसंत पडेनात. जुन्या गणिती नियतकालिकांतली उत्तम जुळणी अभ्यासून त्यांनी ‘टेक’ ही संगणकप्रणाली रचली. तिच्यात प्रत्येक चिन्ह म्हणजे उंची, रुंदी आणि खोली असलेली एक चौकट. ते चिन्ह चल आहे, क्रिया आहे की संबंध, हे प्रणालीला ठाऊक असते. त्यावरून शेजारच्या चिन्हापासूनचे अंतर ती स्वतः ठरवते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर ‘लाटेक’ उभारले. लाटेकमधून स्लाइड करणारे ‘बीमर’ टिल टान्टाउ यांनी २००३ मध्ये स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी वापरले आणि पुढे ते जगभरच्या गणितज्ञांच्या हाती गेले.

पॉवरपॉइंटमध्येही आता समीकरणाची स्वतंत्र सोय आहे: ‘ऑल्ट’ आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की चौकट उघडते. तिथला ‘कॅम्ब्रिया मॅथ’ फाँट घातांक किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ किती जाड ठेवायची, ही मापे स्वतःबरोबरच बाळगतो. त्याआधीचे ‘इक्वेशन एडिटर’ सुरक्षेतल्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकले. त्यात लिहिलेली जुनी समीकरणे दिसतात, पण त्याच साधनाने बदलता येत नाहीत.

अनेकजण पुस्तकातल्या सूत्राचा फोटो काढून चिकटवतात. फोटो ठरावीक ठिपक्यांचा असतो. मोठ्या पडद्यावर ते ठिपके ताणले जातात आणि कडा फुटतात. व्हेक्टर चित्रात ठिपक्यांऐवजी वक्ररेषांची गणिती वर्णने साठवलेली असतात, त्यामुळे ते कितीही मोठे केले तरी रेघ धारदार राहते. समीकरण बाहेरून आणायचेच असेल तर पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात आणावे.

साधन कोणतेही निवडा, एका स्लाइडवर शक्यतो एकच मुख्य समीकरण ठेवा, ते शेवटच्या बाकावरून वाचता येईल एवढे मोठे करा आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ शेजारी लिहा. श्रोत्याची बुद्धी गणित समजण्यात खर्च व्हावी, चिन्हे ओळखण्यात नव्हे.