एकतारीचा भोपळा आणि विजेची गिटार

विजेच्या गिटारबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे. गिटार आली की तिच्या पाठोपाठ ॲम्प्लिफायरचा जड पेटारा आलाच पाहिजे. तो नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या नादी लागू नये. पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारख्या डोंगरातल्या गावी राहणाऱ्याला हा समज परवडणारा नाही. पेटारा विकत घेतलाच तरी तो वर न्यायचा कसा, आणि शेजारी झोपले असताना तो वाजवायचा कसा, हे प्रश्न उरतातच. म्हणून त्याच्याशिवाय घरच्या घरी चांगला आवाज कसा मिळतो, हे सांगण्याचा प्रयत्न येथे केला आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम आवाज कोठून येतो ते पाहू. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यांत वीज निर्माण होते. फॅराडेने 1831 साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. त्याच्या आधारे 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत रिकनबॅकरची विजेची गिटार बाजारात आली. तळणीसारख्या आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ असेच नाव पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पिकअपला कंप कळतो तो तारेचा. खोलीतले बोलणे किंवा कौलांवरचा पाऊस तो जवळजवळ टिपतच नाही. सह्याद्रीच्या पावसात चार महिने काढणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मग अडते कोठे? गिटारची वायर संगणकाला जोडून वाजवा. आवाज कोरडा व किरटा येतो. त्यात विकृती, म्हणजे रॉक संगीतातला तो खरखरीत जोर, मिसळला तर डासाची भुणभुण ऐकावी तसे वाटते. पुष्कळजण येथेच गिटारला नावे ठेवून मोकळे होतात.

भजनातली एकतारी डोळ्यांपुढे आणा. भोपळा काढून नुसती दांडी आणि तार ठेवली तर काय ऐकू येईल? तार तीच, बोट तेच, पण नादाला अंग राहणार नाही. विजेच्या गिटारचा भोपळा म्हणजे पेटाऱ्यातला स्पीकर. तो बहुधा दहा किंवा बारा इंचांचा असतो. माणसाचा कान सुमारे 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. हा स्पीकर मात्र साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही. कर्कश भाग तेथेच गाळला जातो. ज्याला आपण ॲम्प्लिफायरचा गोडवा म्हणतो, त्यातला मोठा वाटा या गाळणीचा आहे. परीक्षेत भोपळा मिळाला की आपण खिन्न होतो. येथे मात्र भोपळ्यावाचून पास होता येत नाही.

क्वचित कोणाला तो कर्कशपणाच हवा असतो. बीटल्सनी 1968 साली ‘रिव्होल्यूशन’ या गाण्यासाठी गिटार सरळ स्टुडिओच्या मिक्सरला जोडली आणि मिक्सरवर मुद्दाम ताण देऊन तो फाटका आवाज काढला. आपल्या कानांना ओळखीची आहे ती 1971 च्या ‘दम मारो दम’मधील भूपिंदर सिंग यांची गिटार. तसा भरीव नाद हवा असेल तर भोपळा कोठून तरी आणलाच पाहिजे.

आता कृतीकडे वळू. गिटार आणि संगणक यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची लहान पेटी लागते. तिच्यावर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेली जागा असते. वायर तेथेच जोडावी. त्या जागेचा विद्युतविरोध सुमारे दहा लाख ओहम असतो. साध्या लाइनच्या जागेचा तो दहा हजारांच्या आसपास असतो. तेथे जोडल्यास पिकअपवर भार पडून वरचे स्वर मंदावतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. पातळी ठेवताना हाव धरू नये. सर्वांत जोराचा झंकारही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावा. शून्याच्या वर गेलेला आवाज कायमचा कापला जातो.

त्यानंतर संगणकात ॲम्प्लिफायरची नक्कल करणारा प्रोग्रॅम लावावा. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हा असा प्रोग्रॅम फुकट मिळतो. खऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये काय गेले आणि काय बाहेर आले, यावरून त्याचा स्वभाव शिकून घेतलेल्या फाइली तो चालवतो. त्याच्या पुढे इम्पल्स रिस्पॉन्स लावावा. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली की गाभारा कसा घुमतो ते कळते. तसाच स्पीकरला दिलेल्या क्षणिक ठोक्याचा प्रतिसाद मायक्रोफोनने टिपून फाइलीत साठवलेला असतो. हाच आपला भोपळा. ॲम्प्लिफायरच्या काही फाइलींत स्पीकर आधीच धरलेला असतो. तेथे दुसरा जोडू नये. दोन भोपळ्यांनी नाद गढूळ होतो.

आणखी दोन सूचना. संगणकातून आवाज परतायला थोडा वेळ लागतो. सेकंदाला 48,000 नमुने घेताना 128 नमुन्यांचा बफर ठेवला तर एका खेपेला तीन मिलिसेकंदांहून कमी उशीर होतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम एक मीटर जातो, म्हणून हाताला अडथळा वाटत नाही. दुसरी सूचना घरघरीबद्दल. आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप ती घरघर ओढून घेतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, आणि घरघर सर्वांत कमी होईल अशा दिशेला तोंड करून बसावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ आहेत. जाते आता कोपऱ्यात पडून आहे आणि ओव्या कोठे लिहिलेल्या नाहीत. तिला मुंबईच्या स्टुडिओत नेणे तब्येतीमुळे शक्य नाही. म्हणून तिचा आवाज मी उघडिपीच्या दिवशी पहाटे मायक्रोफोनवर घेतो. ओवीला ठेक्याचे बंधन नसते. आजी हवी तेथे थांबते, हवी तेथे सूर लांबवते. तेव्हा गिटार नंतर, तिचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत वाजवावी लागते. ते काम भर पावसात, मध्यरात्रीही होते. शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. तिच्या आवाजाखाली एखादाच लांब, मऊ स्वर पुरतो; पण तो भुणभुणला तर ओवीची शोभाच जाते. चांगल्या नादाचा एवढा आग्रह त्यासाठीच.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी गाणारी माणसे आहेत. पेटारा घेऊ तेव्हा बघू, असे म्हणत त्यांनी थांबू नये. पेटारा पुढेमागे मिळेल. गाणारे माणूस तोवर थांबेलच असे नाही.