नवा लॅपटॉप, जुना डोंगल

बाजारात नवा लॅपटॉप आला, की हिंजवडीहून माझ्या भाच्याचा निरोप आलाच म्हणून समजा. "मावशी, हा बघ. आता तरी तो डबा बदल." खाली लिंक. दिवसभर पुरणारी बॅटरी, नवा प्रोसेसर, एआयसाठी वेगळी चिप. त्याची कळकळ खरी आहे, पण त्याला लॅपटॉप कंपनी देते. मला तो दिवाळी अंकांच्या बिलांतून घ्यावा लागतो, आणि ती बिलं कधी सुटतात हे नारायण पेठेत कुणालाही विचारा.

मी अक्षरजुळणी करते. पुस्तकं, स्मरणिका, अधूनमधून लग्नपत्रिका, आणि आषाढ संपत आला की दिवाळी अंक. माझा लॅपटॉप २०१८ सालचा. प्रोसेसर आय-फाइव्ह, पुढे आकडा ८२५०यू. त्यातला पहिला ८ म्हणजे इंटेलची आठवी पिढी. या आठाचं महत्त्व पुढे येईलच. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो इतका रेंगाळायला लागला, की मोठी फाइल उघडायला लावायची आणि तेवढ्यात कुकर चढवून यायचं, अशी सवय पडली. भाच्याने पाठवलेलं वर्णन तेव्हा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. पण त्यात नव्या यंत्राची माहिती होती, माझ्या कामाची नव्हती. माझं यंत्र नेमकं कशापाशी अडतंय, हे आधी बघायला हवं होतं.

त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर गेलं की प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख हलताना दिसतात. ते उघडे ठेवून आपलं रोजचं काम करायचं. माझ्याकडे प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर निवांत होता, मेमरी नव्वदीच्या पुढे, आणि डिस्क शंभरावर चिकटलेली. आचारी हात बांधून बसलाय आणि भाजी अजून मंडईतून यायचीय, असा प्रकार. नव्या प्रोसेसरने आचारी चपळ मिळाला असता एवढंच.

दोष होता फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा. तिची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर सेकंदाला शंभरेक एमबी मिळतात. पण फॉन्ट, छायाचित्रं, तात्पुरत्या फाइली अशा बारीकसारीक गोष्टी शोधताना तिचा हात इकडून तिकडे पळत राहतो आणि वेग पार कोसळतो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास देते. शिवाय मेमरी अपुरी पडली, की विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच टाकतं. म्हणजे माझी दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवत होती.

तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "ताई, रॅमचा एक स्लॉट रिकामाच आहे की!" आणखी आठ जीबी रॅम आणि पाचशे जीबीची एसएसडी, मजुरी धरून सहा हजारांच्या आत काम झालं. कुकर आता कुकरच्या वेळेला लागतो.

पण वेग हे बदलण्याचं एकच कारण नसतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला, लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी. आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तेवढ्या येईनाशा होतात. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. सातव्या पिढीच्या, अगदी ठणठणीत चालणाऱ्या यंत्रांनाही बहुतेक करून दार बंद. हा नियम मला आजही उधळपट्टीचा वाटतो. माझं यंत्र त्या आठाच्या जोरावर काठावर पास झालं. टीपीएम नाही असा शेरा आला, तरी लगेच निराश व्हायचं कारण नाही. पुष्कळदा ते असतं, फक्त बायॉसमध्ये बंद ठेवलेलं असतं.

आता डोंगल. मराठी अक्षरजुळणीतली जुनी माणसं हा शब्द ऐकून हसतील. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची फॉन्टची आपापली मांडणी असायची, आणि पेनड्राइव्हसारखं छोटं कुलूप यंत्राला लावल्याशिवाय ते चालायचं नाही. त्या काळातली पुस्तकं पेजमेकरमध्ये, त्याच फॉन्टमध्ये बसवलेली आहेत. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली. पण प्रकाशक तेव्हाच्या पुस्तकाचं पुनर्मुद्रण काढतो तेव्हा तीच फाइल घेऊन येतो. युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, मग रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि तीनशे पानं पुन्हा वाचावी लागतात. त्या वाचनाचे पैसे प्रकाशक देत नाही.

तेव्हा नव्या लॅपटॉपला माझा पहिला प्रश्न हाच, की हे कुलूप तो ओळखेल का? भाच्याची ताजी शिफारस स्नॅपड्रॅगन प्रोसेसरची होती. तो एआरएम जातीचा. इंटेलसाठी लिहिलेले कार्यक्रम तो आतल्या आत भाषांतर करून बऱ्यापैकी चालवतो. पण ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही, त्याला एआरएमसाठी लिहिलेला ड्रायव्हरच लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या कुलपासाठी तो आता कोण लिहिणार? इंटेल किंवा एएमडीचा नवा लॅपटॉप घेतला तरी गाडी अडू शकते. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं असतं, त्यामुळे ३२ बिटचे ड्रायव्हर बाद. नव्या यंत्रावर 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा पहारा बहुधा सुरूच असतो, आणि तो जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर आत घेत नाही. पहारा बंद करता येतो, पण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे तिथे मी तो करणार नाही. जुन्या फाइलींसाठी एक म्हातारा डेस्कटॉप मी इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवलाय. डोंगल त्यालाच लावलेलं असतं.

तुमच्याकडे डोंगल नसेल. पण टॅलीची जुनी आवृत्ती असेल, दवाखान्यातलं एखादं मशीन जोडलेलं असेल, नाहीतर कंपनीने कधीच विसरलेला प्रिंटर असेल. पैसे देण्याआधी त्याचं नाव आणि नव्या यंत्राचं नाव एकत्र टाकून शोधून बघावं.

नव्याची बाजूही मांडायला हवी. बॅटरीत खरोखर मोठी मजल मारली गेली आहे; ॲपलने २०२० मध्ये एम१ चिप आणल्यापासून सगळ्यांनाच धावावं लागलं. दिवसभर बाहेर फिरणाऱ्याला तेवढ्यासाठी बदल परवडेल. माझा लॅपटॉप भिंतीजवळच राहतो. पडद्याकडे मात्र माझा जीव ओढतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यावर मुखपृष्ठातला कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. शंभर टक्के एसआरजीबी असेल तर रंगाचं काम निदान घरच्या घरी तपासता येतं. एआयच्या चिपचं म्हणाल, तर कोपायलट प्लस म्हणवून घ्यायला सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया लागतात म्हणे. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून स्वतःलाच बघावे लागतात.

आमच्या सोसायटीतल्या निवृत्त सरांना मात्र मी वेगळा सल्ला दिला. त्यांचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा, सगळ्या मुदतठेवी आणि आयकर त्यावर, आणि टचपॅड एका कडेने वर उचललेला. असा उचललेला टचपॅड बहुतेकदा खालची बॅटरी फुगल्याचं लक्षण असतं. तिथे चालढकल करायची नसते. बॅटरी बदलली तरी विंडोज ११ अधिकृतपणे मिळणार नाही. त्यांनी लॅपटॉप घेतला, पण नुकताच आलेला नाही, त्याच्या आधीच्या वर्षीचा. त्यांच्या कामात या दोघांतला फरक कळणारच नव्हता, किमतीत कळला.

त्यांना मी एकच हट्ट धरायला सांगितला, सोळा जीबी रॅमचा. पातळ लॅपटॉपमध्ये आता रॅम बोर्डावरच डकवलेली असते. झाकण उघडून रिकामा स्लॉट सापडण्याचं भाग्य त्यात नसतं. त्यातून २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. माझं सहा हजारांतलं काम आज त्या पैशात होणार नाही. तरी टास्क मॅनेजर पाहून, भाव विचारून मगच ठरवावं. जुन्यात भर घालणं अजूनही नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. परवा भाच्याची आणखी एक लिंक आली. "रॅम सोल्डर केलेली आहे का रे?" एवढंच विचारलंय. अजून उत्तर नाही.